कोल्हापूर स्वस्तात आणि नीट बघायचं, तर एका दिवशी एकच दिशा

पाहुण्यांचा ठरलेला बेत असा असतो: सकाळी अंबाबाई, मग पन्हाळा, दुपारून नरसोबाची वाडी, येताना ज्योतिबा आणि अंधार पडायच्या आत रंकाळा. कागदावर हे बसतंही. प्रत्यक्षात पन्हाळा शहराच्या वायव्येला साधारण २० किलोमीटरवर, वाडी पूर्वेला ४५ किलोमीटरच्या आसपास, आणि दोन्हींच्या मधे अख्खं कोल्हापूर. म्हणजे भर दुपारी शहर आडवं कापायचं, तेही दोनदा. त्यासाठी दिवसभराची गाडी ठरवावी लागते, जेवण भूक लागेल तिथे आणि मिळेल त्या भावात होतं, आणि रंकाळ्यावर पोचेपर्यंत पोरं पेंगुळलेली असतात. लॉजच्या भाड्यात घासाघीस करून जेवढे वाचतात, त्याच्या कितीतरी पट जास्त पैसे ठिकाणं दिशेप्रमाणे लावली की वाचतात.

दिशा अशा आहेत. शहरात अंबाबाई, भवानी मंडप, न्यू पॅलेस, रंकाळा आणि बाजार. वायव्येला ज्योतिबा आणि पन्हाळा. पूर्वेला वाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर. दक्षिणेला पुणे-बंगळुरू महामार्गाच्या बाजूला कणेरी मठ. नैर्ऋत्येला राधानगरी आणि दाजीपूर, पश्चिमेला गगनबावडा. दोन दिवस असतील तर शहर आणि वायव्य. तिसरा दिवस असेल तर पूर्व. दाजीपूरचं अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं, तेव्हा जून ते ऑक्टोबर ते यादीतून काढूनच टाका. उरलेलं पुढच्या खेपेला. कोल्हापूर कुठं पळून जात नाही.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

इथे गर्दी देवाच्या वारावर चालते. अंबाबाईला मंगळवार, शुक्रवार आणि रविवार. ज्योतिबाला रविवार. वाडीला गुरुवार आणि पौर्णिमा. हे वार टाळले की रांगेतले दोन-तीन तास वाचतात आणि लॉजवालाही जरा ऐकतो. रजा मिळत असेल तर सगळ्यात सोयीचा क्रम बुधवारी शहर, गुरुवारी पन्हाळा-ज्योतिबा, शुक्रवारी वाडी-खिद्रापूर. शिवाय बुधवार म्हणजे गावातल्या खानावळींचा मटणाचा वार, तोही साधतो. सोमवारी संग्रहालयं धरू नका, बंद दारावरून परत येणारे पाहुणे दर आठवड्याला दिसतात.

शनिवार-रविवारच मिळत असेल तर शनिवारी ज्योतिबा-पन्हाळा आणि रविवारी शहर, असं उलटं लावा. रविवारी अंबाबाईला पहाटेच जायचं. नऊनंतरची रांग आणि सहाची रांग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

काही तारखांना मुद्दाम जायचं नसेल तर जाऊच नका. शारदीय नवरात्राचे नऊ दिवस, चैत्र पौर्णिमेची ज्योतिबाची यात्रा, माघातले खेट्यांचे, म्हणजे ज्योतिबाच्या पायी वाऱ्यांचे रविवार, दिवाळीची सुट्टी. अंबाबाईचा किरणोत्सव ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि पुन्हा ९, १०, ११ नोव्हेंबरला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात. सोहळा पाहण्यासारखा आहे, पण मोजक्या मिनिटांचा. ढग किंवा धुरकट हवा आडवी आली तर किरणं मधेच थांबतात. त्यासाठीच यायचं असेल तर खोली महिनाभर आधी पक्की करा.

पावसाळ्याचं गणित वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली माणसं तापमान बघत नाहीत, राजाराम बंधाऱ्याची फूट-इंचातली पातळी बघतात. ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पातळी पस्तिशीच्या वर आणि पाऊस चालू, असं असेल तर ग्रामीण रस्त्यांवरच्या सहली पुढे ढकला. "रेडेडोह फुटला" असं कानावर आलं तर समजायचं की पन्हाळ्याच्या रस्त्यावर आंबेवाडी-केर्लीच्या बाजूला पाणी आलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. त्यामुळे जुलै-ऑगस्टसाठी रद्द केल्यावर पैसे परत मिळणार नाहीत अशी खोली, दोनशे रुपये स्वस्त म्हणून, घेऊ नका.

२. यायचं कशानं

मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सगळ्यात परवडते. रात्री बसलात की सकाळी कोल्हापूर, एका रात्रीची खोली वाचली. कोयना दिवसा धावते, खिडकीतून बघायला छान, पण अख्खा दिवस गाडीत जातो आणि पोचल्यावर खोलीही लागते. तिकिटाचे पैसे वाचले असं वाटतं, पण दिवस गेला तो वेगळाच.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस आता विसरा. तत्काळ आदल्या दिवशी: वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी जोडलेलं लागतं. हे जोडणं दहाला पाच कमी असताना करायला बसू नका, आठवडाभर आधी उरका.

कोल्हापूरचं तिकीट वेटिंगला अडकलं तर मिरज बघा. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, इथे मोजक्या गाड्या येतात. मिरज जंक्शन आहे, तिथून गोवा, बेळगाव, पुणे, पंढरपूर अशा चारी बाजूंच्या गाड्या जातात. मिरज ते कोल्हापूर जेमतेम ५० किलोमीटर, पॅसेंजर नाहीतर एस.टी. आणि वाडी-खिद्रापूरची दिशा तुमच्या बेतात असेल तर मिरजेत उतरून तेच आधी उरकणं जास्त शहाणपणाचं.

पुण्याहून रेल्वे सातारा-सांगली-मिरज असा मोठा वळसा घालते. वंदे भारतने वेळ कमी लागतो, पण ती रोज नाही. बहुतेकांना रस्ताच बरा, अंतर सुमारे २३० किलोमीटर. आता हिशोब मांडा. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८, नवरा, बायको आणि दहा वर्षांची मुलगी, असं पाच जणांचं घर धरा. एस.टी.त ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही निम्मं. म्हणजे शून्य अधिक अर्धं अधिक एक अधिक अर्धं अधिक अर्धं: पाच माणसं, अडीच तिकिटं. स्वतःची गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर जाऊन-येऊन ४६० किलोमीटरला ३० लिटरच्या वर पेट्रोल, आणि खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे चार टोलनाके, दोन्ही वेळा. महामार्ग रुंदीकरणाच्या टप्प्यांत तास-दीड तास जास्त लागू शकतो तो वेगळा. चार पुरुष मित्र असतील तर मात्र हाच हिशोब उलटतो, तिथे गाडी वाटून घेणंच बरं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एस.टी.ची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. कोल्हापूरहून पुढे बेळगाव किंवा पणजी जोडणार असाल तर सीमेपलीकडे पूर्ण भाडं. आणि आजी-आजोबांचं ओळखपत्र त्यांच्याच पिशवीत असू दे. वाहकाला वय दाखवायची वेळ येते तेव्हा ते नेमकं मुलाच्या खिशात आणि मुलगा मागच्या सीटवर असतो. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा म्हातारी माणसं बरोबर असली की एस.टी.चा विचार आधी करा.

'आवडेल तेथे प्रवास' हा एस.टी.चा चार किंवा सात दिवसांचा पास पुष्कळ जण उत्साहाने काढतात. रोज लांबचे पल्ले मारणाऱ्या पुरुष प्रवाशाला तो परवडतो. ज्यांना आधीच अर्धं तिकीट आहे आणि ज्यांचं दिवसाचं फिरणं पन्नास-साठ किलोमीटरचं आहे, त्यांचे पैसे त्यात वसूल होत नाहीत.

३. खोली: भाड्याआधी चार प्रश्न

राहायला दोनच भाग सोयीचे. एक, मध्यवर्ती बसस्थानक म्हणजे सीबीएस आणि रेल्वे स्टेशनचा परिसर. ही दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दुसरा, महाद्वार रोड-ताराबाई रोडचा मंदिर परिसर. एस.टी.ने पन्हाळा-वाडी करणाऱ्यांनी पहिला घ्यावा. पहाटे दर्शन, बरोबर वयस्कर माणसं आणि खरेदी असा बेत असेल तर दुसरा. स्वतःची गाडी असेल तर मंदिराजवळचं लॉज घेताना गाडी कुठे लावायची ते आधी विचारा. जुन्या पेठांतल्या बोळांत "पार्किंग आहे" याचा अर्थ पुष्कळदा समोरच्या दुकानासमोर, ते उघडेपर्यंत, एवढाच असतो.

फोनवर विचारायचे प्रश्न हे. चोवीस तासांचं चेक-आऊट की दुपारी बाराचं? सकाळी आठला उतरणाऱ्याला बाराचं चेक-आऊट म्हणजे एका रात्रीत दोन दिवसांचं भाडं होऊ शकतं. गरम पाणी किती ते किती? बऱ्याच ठिकाणी ते सकाळी दोन-तीन तासच असतं. तिसऱ्या माणसाच्या गादीचे किती? आणि सांगितलेल्या भाड्यात जीएसटी धरलाय का? सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला तो ५ टक्के आहे. अॅपवरचा भाव बघितलात की त्याच लॉजला थेट फोन करा. मधला कमिशनचा भाग वाचतो म्हणून आडवारी ते थोडं कमी करतात. गर्दीत नाही करत.

रात्रीच्या गाडीने येऊन रात्रीच्याच गाडीने परतणार असाल तर अंघोळ आणि सामान यांच्यापुरती तीन-चार तासांची खोली मिळते का विचारा. मंदिराच्या आसपास अशी सोय असते, अॅपवर ती दिसत नाही.

४. शहराचा दिवस: बहुतेक पायी

सकाळी सहाला मंदिर. पूर्ण कपडे घाला, अर्ध्या चड्ड्या खोलीवर राहू द्या. मंदिराला चार दरवाजे आहेत: महाद्वार, घाटी दरवाजा, पूर्व आणि दक्षिण. चपला ज्या दरवाजाशी ठेवल्या तो नीट लक्षात ठेवा. दर्शन घेऊन भलत्याच दरवाजाने बाहेर पडून तापलेल्या फरशीवर अनवाणी अर्धी प्रदक्षिणा घालणारा एकतरी पाहुणा रोज असतोच. लहान मूल किंवा गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर मुख्य रांगेऐवजी मुखदर्शन घ्या, ते लवकर होतं. ओटीचं ताट हातात घ्यायच्या आधी भाव विचारा. खण, नारळ, हार, वेणी असं एकेक वाढवत नेलेलं ताट परत देताना माणसाला अवघडतं, आणि तो धंदा त्या अवघडण्यावरच चालतो.

मंदिरातून भवानी मंडप दोन मिनिटांवर. तिथून मिसळ. ती सकाळीच खायची, दुपारी एकनंतर चांगल्या ठिकाणी कट, म्हणजे तिखट रस्सा, संपत आलेला असतो. कोल्हापूरची मिसळ पावाबरोबर नसते, स्लाइस ब्रेडबरोबर असते. ताटलीत तळाला मटकी, वर फरसाण आणि शेव, बारीक कांदा, कोथिंबीर, आणि वरून लालभडक कट. पहिल्यांदा खाणाऱ्याची चूक एकच: सगळा कट एकदम ओतून घेणं. शेवेचा लगदा होतो आणि तिखटाने कान गरम. थोडा थोडा घ्या, कट पुन्हा मागता येतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात. ब्रेड मात्र मोजून असतो. दोघांत एक मिसळ आणि जास्तीचा ब्रेड, यात सकाळ निभावते.

नंतर न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावर बांधलेला हा काळ्या दगडाचा राजवाडा मंदिरापासून काही किलोमीटरवर, भाऊसिंगजी रोडला आहे. केएमटीची बस मिळते. रिक्षा केलीत तर मीटर टाकायला सांगा. आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे त्यासाठी वेगळा वेळ धरायची गरज नाही. दुपार खोलीवर काढा. संध्याकाळी रंकाळा, त्याला तिकीट नाही. भेळ खायची ती काठावर बसून, आणि थंडीत स्वेटर घेऊन, कारण पाण्यावरून वारं येतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं ताजं धारोष्ण दूध ग्लासाने मिळतं. गाडीत पोट हलणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशी त्याच्या नादाला लागू नये.

५. रात्रीचं ताट

मटण थाळीच्या पाट्यांवर साधी, स्पेशल, शाही असे प्रकार दिसतात. फरक मुख्यतः सुक्क्या मटणाच्या फोडी, खिमा किंवा अंडं यांचा असतो. तांबडा आणि पांढरा रस्सा साध्या थाळीतही तोच येतो आणि पुन्हा पुन्हा वाढतात. कोल्हापुरी माणूस रश्शावर जेवतो, मटण तोंडी लावायला. तेव्हा साधी थाळी मागवा आणि वाटी पुढे करा. विचारायचं एवढंच की रस्सा अनलिमिटेड आहे ना, आणि भाकरी किती येतात. जास्तीच्या भाकरीचे पैसे वेगळे पडतात, बिल तिथे फुगतं.

पांढरा रस्सा आधी प्यायचा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजू आणि खडा मसाला असा तो असतो, मिरचीचा जाळ नसतो, म्हणून लहान मुलंही तो भातावर खुशाल खातात. तांबडा दिसतो तेवढा तिखट नसतो. तो चटणीचा रंग. घाबरून "कम तिखट" सांगितलंत तर काही ठिकाणी त्यात सरळ गरम पाणी घालून देतात, आणि मग कोल्हापूरला येऊन काय खाल्लं असा प्रश्न पडतो. त्यापेक्षा दोन्ही रस्से वाटीत एकत्र करा. इथली माणसंही करतात. रविवारी दुपारी एक ते तीन खानावळीत बाकाजवळ उभं राहून वाट बघावी लागते. बारा वाजताच जा, नाहीतर रात्री जा.

शाकाहारी असाल तर झुणका-भाकर, अख्खा मसूर, आणि नाश्त्याला लोणी डोसा. मंदिराजवळ अन्नछत्रही आहे.

६. वायव्येचा दिवस: ज्योतिबा, मग पन्हाळा

आधी गाडीचा हिशोब. बाहेरगावच्या टॅक्सीला दिवसाला किमान २५० ते ३०० किलोमीटरची आकारणी सर्रास असते. शहर-ज्योतिबा-पन्हाळा-शहर ही फेरी सगळी मिळून साठीच्या आतबाहेर. म्हणजे किलोमीटरच्या भावाने गाडी घेतली तर चार-पाच पट अंतराचे पैसे द्याल. म्हणून "ज्योतिबा-पन्हाळा लोकल फेरी, ठोक किती?" असं विचारा आणि चार गोष्टी आधी बोलून घ्या: किती तास थांबणार, पार्किंग कुणाकडे, पन्हाळा नगरपरिषदेचा प्रवासी कर कुणाकडे, जेवण कुणाकडे. दोघं-तिघं असाल तर एस.टी.च बरी. ज्योतिबाहून पन्हाळ्याला सरळ गाड्या कमी, तेव्हा केर्लीपर्यंत खाली यायचं आणि तिथे पन्हाळ्याची गाडी धरायची. वडापही (सीटवर पैसे घेणारी खासगी गाडी) मिळतं. ते भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळी कधी बंद होईल सांगता येत नाही, त्यामुळे परतीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. एस.टी.ची शेवटची गाडी कितीची, हे वर पोचताक्षणी विचारून घ्या.

ज्योतिबाला सकाळी आठपर्यंत पोचा. गाडीतळापासून मंदिराकडे पायऱ्या उतराव्या लागतात, येताना त्याच चढायच्या. पांढरे किंवा चांगले कपडे घालू नका. गुलाल अंगावर पडणारच, आणि तो घामात मुरला की पहिल्या धुण्यात सगळा निघत नाही. आधी कोरडाच झटकायचा, ओला करून चोळला तर पसरतो. मोबाइल पातळ पिशवीत घाला, चार्जिंगच्या भोकात गुलाल बसतो.

पन्हाळ्याला उन्हं वर यायच्या आत चालायला सुरुवात करा. गड मोठा आहे, पण बघण्यासारखं बरंचसं चार-पाच किलोमीटरच्या फेरीत येतं. पूर्वेच्या कड्यावरची सज्जा कोठी, मग मधे अंबरखाना, म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं, मग पश्चिमेला तीन दरवाजा आणि त्याच्या शेजारची अंधारबाव, आणि दम उरला तर टोकाचा पुसाटी बुरूज. हा क्रम सोडून गाडी थांबेल तिथे उतरत राहिलात तर एकाच रस्त्यावर तीनदा येता. वाटाड्या घेणार असाल तर फी आणि ठिकाणं आधी ठरवा. दुसरं कुटुंब तयार असेल तर वाटून घ्या. १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज कुठून निसटले हे जागेवर उभं राहून ऐकण्यात अर्थ आहे, आणि २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून चौकशी करणारेही वाढलेत. पावसाळ्यात छत्री नको, वाऱ्याने उलटी होते, रेनकोट घ्या. दुपारी गडावरच झुणका-भाकर, दही, खर्डा. हॉटेलातल्या पंजाबी भाजीपेक्षा ते स्वस्तही आणि बरंही.

७. पूर्वेचा दिवस

एस.टी.ने वाडी सोपी, खिद्रापूर अवघड. तिकडच्या गाड्या थोड्या, त्यामुळे कुरुंदवाडला उतरून परतीची वेळ विचारूनच पुढे निघा. चौघं असाल तर या एका दिवसासाठी गाडी ठोकीने घ्या, पैसे इथेच वसूल होतात.

सकाळी वाडी. घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हाताऱ्या माणसांना कृष्णेच्या पाण्यापर्यंत नेऊ नका. बासुंदी तिथेच खा, ती प्रवासात टिकत नाही. बांधून न्यायची तर कवठाची बर्फी. मग बाराच्या सुमाराला खिद्रापूर गाठा. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती ४८ खांब, आणि ऊन डोक्यावर असताना उजेडाचं वर्तुळ मंडपात उतरतं. चार वाजता गेलात तर हे हुकतं. महादेवासमोर नंदी शोधू नका. तो इथे नाही, कर्नाटकातल्या यडूरला आहे असं सांगतात. जेवणाची सोय फारशी नाही, पाणी आणि खाणं बरोबर ठेवा. वाडीचा दुपारचा महाप्रसाद घ्यायचा असेल तर उजेडाच्या वर्तुळावर पाणी सोडायचं आणि खिद्रापूर आधी, सकाळी करायचं.

८. खरेदी शेवटच्या संध्याकाळी

चप्पल सकाळी घेऊ नका. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो, संध्याकाळी जी बसते ती खरी बसते. हातात घेतली की आधी कड बघा. तळाचे चामड्याचे थर एकमेकांवर दिसले पाहिजेत आणि कापलेल्या कडेला बारीक तंतू. कड प्लास्टिकसारखी गुळगुळीत, किंवा आत कापडाचा पदर, म्हणजे रेक्झिन. अस्सल पायताणात खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची. वास चामड्याचा आणि सालीचा येतो, रंगाचा उग्र वास आला तर ठेवून द्या. अंगठा आणि पट्टा किंचित घट्ट असेल तीच घ्या, चामडं आठवड्याभरात सैल होतं. आज आरामात बसलेली महिन्याने पायातून निसटते. टाच मात्र बाहेर लोंबता कामा नये.

पहिले चार-पाच दिवस घरातच तासभर वापरा. रात्री पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळा. भिजली तर उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. सावलीत, कागद खाली घालून. पावसाळ्यात घालायचीच असेल तर टायरचा किंवा रबरी तळ लावलेली घ्या, नाहीतर थर फुगून सुटतात. पहिला सांगितलेला भाव शेवटचा नसतो, पण एका दुकानातून उठून निदान तीन दुकानं बघितल्याशिवाय घासाघीस करण्यात मजा नाही.

गूळ हिवाळ्यात घ्यावा, गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा. लखलखीत पिवळा गूळ दिसायला छान, पण तो रंग पुष्कळदा पावडरीचा असतो. तांबूस-तपकिरी घ्या. खडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर जुना. मोठा रवा तीस किलोचा असतो, तो घेऊन गाडीत चढायचं नसतं. किलोच्या ढेपा मिळतात. कांदा-लसूण चटणी घेतलीत तर पुडी दोन पिशव्यांत बांधून डब्यात घाला आणि डबा उभा ठेवा. तेल सुटतं, आणि बॅगेतले कपडे गुलालातून वाचले असतील तर ते चटणीत जातात.